उत्तरेत असं चालत नाही

सिंगापुरात क्लेमेंटीच्या त्या फ्लॅटमध्ये मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला नाव विचारलं नाही. त्यांनी दार उघडलं, मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "वजन किती?"

मी नुकतीच पुण्याहून आलेली, इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधनाला लागलेली मुलगी. घरमालक पगार विचारतील, स्वयंपाकघर वापरणार का विचारतील, मित्रमैत्रिणी किती येतात ते विचारतील, अशी सगळी उत्तरं मी एमआरटी रेल्वेत बसून घोकून आले होते. वजनाची तयारी नव्हती. गडबडीत थोडं कमी करूनच सांगितलं. काका म्हणाले, दोन किलो लपवलेस, हरकत नाही, सगळेच लपवतात. "पण उत्तरेत असं चालत नाही."

आतून काकूंचा आवाज आला, की तिला आधी आत तरी येऊ द्या. मग आत गेले, पोहे खाल्ले, खोली बघितली आणि त्याच आठवड्यात सामान घेऊन राहायला आले. पुढची चार वर्षं मी त्या घरात होते, आणि घरापासून लांब आहे असं मला तिथे फारसं कधी वाटलं नाही.

काकांची ही 'उत्तर' म्हणजे काय ते कळायला मात्र थोडे दिवस गेले. आधी वाटलं वास्तुशास्त्राची भानगड असेल. मी पलंग फिरवून बघितला. मग वाटलं दिल्लीकडचा काही जुना राग असेल. शेवटी काकूंनीच सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता, सिंगापुरात वाढलेली, शिकायला म्हणून कॅनडाला गेली आणि तिथून पार उत्तरेला एका गावात शाळामास्तरीण झाली. तिथलाच एक मुलगा बघून तिने लग्नही केलं. गाव असं, की तिथे रस्ता जात नाही. वर्षाचे बाराही महिने जायचं तर एका छोट्या कंपनीच्या छोट्या विमानातून. पुढच्या अर्ध्या भागात दूध, अंडी, टपाल, कुणाचं तरी धुण्याचं यंत्र. मागच्या अर्ध्या भागात माणसं. काका त्या विमानाने बऱ्याचदा जाऊन आले होते. काकू एकदाही गेल्या नव्हत्या.

काकूंचं म्हणणं स्पष्ट होतं. मोठ्या विमानात त्या बसत, डोळ्यांपुढे पोथी धरून का होईना पण बसत. लहान विमानात नाही. आकाशात रिक्षा घालण्यातला प्रकार आहे तो, असं त्या म्हणत. मुक्ता उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे यायची, तेव्हा मायलेकींची भेट व्हायची. पण लेकीचं घर, तिची चूल, तिची खिडकी काकूंनी पाहिलेली नव्हती. हे त्या कधी बोलून दाखवत नसत. फक्त मुक्ताचा फोन आला की विचारत, आत्ता कुठे उभी आहेस? ओट्यापाशी? ओटा कुठल्या बाजूला आहे?

आणि काका, ज्यांचं उभं आयुष्य बँकेत आकडे जुळवण्यात गेलं होतं, त्यांनी निवृत्तीनंतर एकच काम अंगावर घेतलं होतं. बायकोला त्या विमानात बसवायचं. पण तिला सरळ सांगायची सोय नव्हती, कारण सरळ सांगितलं की काकू उठून स्वयंपाकघरात जात. म्हणून ते बाकी सगळ्या जगाला सांगत, आणि सांगताना आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढा ठेवत.

जगाला याचा किती त्रास व्हायचा ते मी पाहिलं आहे. टॅक्सी बोलावली की काका आधी आम्हा सगळ्यांना फुटपाथवर उभं करत आणि कोण पुढे, कोण मागे ते वजनाप्रमाणे ठरवत. ड्रायव्हर बिचारा बघत राही. हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात, हा इथला अलिखित कायदा. काकांना तो अजिबात मान्य नव्हता. पाकीट उचलून ते मला दाखवत, की बघ, उत्तरेत जागा अशी धरता येत नाही, तिथे काउंटरवरची बाई सांगेल तिथे बसायचं. मग ज्याचं पाकीट असे तो माणूस जेवणाचा ट्रे घेऊन मागे उभा असायचा, आणि काकू त्याला दोन्ही हात जोडून सॉरी म्हणत असायच्या.

त्यांच्या सूचना मात्र पक्क्या होत्या. त्या मला आजही पाठ आहेत आणि खरं सांगायचं तर उपयोगीही पडल्या आहेत. चाकाची कडक बॅग न्यायची नाही, ती लहान विमानाच्या पोटात वळत नाही. मऊ कापडी बॅग न्यायची, म्हणजे कोपऱ्यात कोंबता येते. औषधं, चष्मा, एक दिवसाचे कपडे आणि खायला काहीतरी हातातच ठेवायचं, कारण विमान जड झालं तर माणसं जातात आणि बॅगा मागून येतात. बूट बॅगेत भरायचे नाहीत, पायात घालायचे. विमानात संडास नाही, तेव्हा चहा सकाळी उठल्यावर काय तो एकदाच. फोन छातीशी ठेवायचा, थंडीने त्याचा जीव जातो. कानात कापूस. त्याच दिवशी पुढचं दुसरं विमान पकडायचं आहे अशी व्यवस्था कधीच करायची नाही, कारण उत्तरेत वेळापत्रक हवामान ठरवतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काउंटरवरच्या बाईशी नम्रपणे बोलायचं. तीच तिकीट बघते, तीच बॅगा मोजते, धुकं किती आहे ते तीच बाहेर जाऊन बघून येते, आणि पायलट तिचं ऐकतो.

मी चुलतबहिणीच्या लग्नासाठी पुण्याला निघाले तेव्हा हे सगळं माझ्यावर चालवून पाहिलं गेलं. माझं विमान चांगलं मोठं, तीसेक किलो सामानाची मुभा. काकांनी मला त्याच्या निम्म्याची मुभा दिली. बॅग अडकवून तोलायचा तो आकड्याचा काटा घेऊन ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि माझी बॅग तीनदा उघडायला लावली. ज्या साडीसाठी मी महिनाभर दुकानं पालथी घातली होती ती बघून त्यांनी विचारलं, याहून हलकी नाही का?

त्याच संध्याकाळी बिशान भागात राहणाऱ्या, म्हणून बिशानच्या वहिनी आल्या. या काकूंच्या मैत्रीण, मनाने सोन्यासारख्या, पण कुणी भारतात निघालं असं कळलं की यांचं पार्सल तयार. आपल्याकडे ही रीतच आहे. माणूस चाललाच आहे तर रिकामा कशाला जाऊ द्यायचा. वहिनींनी बहिणीसाठी राइस कुकर आणला होता. काका दारातच आडवे झाले. त्यांनी वहिनींना बसवून घेतलं, पाणी दिलं आणि अर्धा तास समजावलं, की लहान विमानात एक राइस कुकर चढला तर कुणाच्या तरी घरचं दूध खाली राहतं. वहिनी म्हणाल्या की ही तर मोठ्या विमानाने पुण्याला चाललीय. काका म्हणाले, सवय लहान विमानाचीच हवी. वहिनी कुकर घेऊन परत निघाल्या आणि काकू त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेल्या. पुण्यात पोचून मी बॅग उघडली तर साडीच्या घडीत कुकरचं भांडं आणि काकूंनी कागदात बांधलेलं झाकण. बाकीचा कुकर माझ्या पाठीवरच्या पिशवीत होता आणि मी तो आख्खा प्रवासभर पाठीवर वागवला होता. काकूंची ही कला मला माहीत नव्हती, आणि काकांना ती लग्नाच्या इतक्या वर्षांनंतरही माहीत नसावी.

मग एका शनिवारी मुक्ताचा फोन आला. काकूंनी फोन ठेवला आणि थेट गॅसवर साखर-तूप-रवा चढवला. शिरा ताटात पडल्यावर आम्हाला बातमी कळली.

आता मोठा पेच पडला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काकूंच्या दृष्टीने बोलण्याचाही विषय नव्हता. पण मुक्ताला इकडे यायला डॉक्टरांनी नको म्हटलं, आणि तिलाही तिच्याच घरी राहायचं होतं. तिकडची पद्धत अशी, की दिवस भरत आले की बाईला विमानाने त्या भागातल्या मोठ्या गावी आणून ठेवतात. मोठं गाव म्हणजे आपल्या हिशेबाने तालुक्याचं. तिथे इस्पितळात बाळंतपण, आणि मग बाळाला घेऊन त्याच छोट्या विमानाने परत आपल्या गावी. म्हणजे लेक माहेरी येणार नव्हती. माहेर उचलून तिच्याकडे न्यावं लागणार होतं, आणि तेही ठरलेल्या वजनात.

तिसऱ्या दिवशी जेवताना काकू म्हणाल्या, की मी येते, पण मोठ्या गावापर्यंतच. तिथे तिला न्हाऊमाखू घालीन, बाळाला बघीन आणि तिथूनच मागे फिरेन. पुढे तुम्ही जा. काका हो म्हणाले. एवढ्या सरळपणे हो म्हणाले, की मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ते ताटातला भात कालवत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंचं पुढच्या टप्प्याचं तिकीट काढलं आणि ते मला सांगितलं, काकूंना नाही.

तेव्हापासून घराचं विमानतळ झालं. दिवाणखान्यात जेवणाच्या खुर्च्या दोन रांगांत लागल्या. मधली वाट एवढी अरुंद ठेवली, की बाथरूमला जायचं तर मला आडवं चालावं लागे. प्रवासी म्हणून मी. पायलट, काउंटरवरची बाई आणि हवामान, या तिन्ही भूमिका काकांच्या. विमानाच्या पंख्यांचा आवाज हवा म्हणून काकूंची चटणी वाटायची वेळ साधली जाई. मिक्सर सुरू झाला की काका ओरडून सूचना देत आणि मी पट्टा बांधल्याचा अभिनय करी. एकदा त्यांनी मला विचारलं, विमानाकडे निघण्याआधीचं शेवटचं काम कोणतं? मी म्हटलं, फोन बंद करणं. मिक्सर थांबला. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "बाथरूमला जाऊन येणं." आणि मिक्सर परत सुरू झाला. काकांनी माझ्याकडे बघून जो काही चेहरा केला तो मला आयुष्यभर पुरेल.

कोटाची कथा तर सगळ्या ब्लॉकला ठाऊक होती. मुक्ताने तिकडून आईसाठी गुडघ्यापर्यंत येणारा जाडजूड कोट पाठवला होता. तो थंडीत पुरेल का हे सिंगापुरात कसं बघायचं? काका काकूंना घेऊन सुपरमार्केटात गेले आणि गोठवलेल्या माशांच्या कपाटापाशी त्यांना कोट घालून उभं केलं. कपाटाचं झाकण उघडं धरून स्वतः घड्याळाकडे बघत राहिले. काकू शाकाहारी. त्यांनी तोंड फिरवून नाकाला पदर लावला होता. सामान लावणारा पोरगा येऊन विचारून गेला, आंटी बरी आहे ना? घरी येताना लिफ्टपाशी शेजारची चिनी आजी भेटली. तिने कोटातल्या काकूंकडे बघितलं आणि म्हणाली, "सो हॉट ऑलरेडी, आंटी, वेअर लाइक दॅट फॉर व्हॉट लाह?" काकूंनी तिला शांतपणे सांगितलं, "माय डॉटर इज हॅविंग बेबी." आजीने मोठ्या समजूतदारपणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने दारात लाल खजूर आणि आल्याचा एक पुडा आणून ठेवला, बाळंतिणीसाठी म्हणून.

जायची वेळ जवळ आली तसा काकूंचा बाळंतविडा वाढत गेला. जुन्या मऊ साड्यांची दुपटी, कुंची, टोपरी, अळीव, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, वेखंड, आणि डिंकाचे लाडू. उणे वीसमध्ये कुंचीचा काय उपयोग, असं मी एकदा विचारलं. काकूंनी आणखी एक कुंची घडी करून बॅगेत ठेवली. काका काटा घेऊन रोज संध्याकाळी बॅगेपाशी बसत आणि एकेक वस्तू बाहेर काढत. सकाळी ती परत आत गेलेली असे. दोघं यावर एक अक्षर बोलत नसत. मी मध्ये पडले नाही. खरं म्हणजे मला हा रोजचा खेळ फार आवडायला लागला होता.

मार्च संपता संपता दोघं गेले आणि मी त्या फ्लॅटमध्ये एकटी राहिले. तुळशीला पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. खुर्च्या दोन रांगांत तशाच ठेवल्या होत्या आणि मला त्या हलवाव्याशा वाटेनात. एप्रिलमध्ये मुलगी झाली. फोनवर काकू एवढं भराभर बोलत होत्या की मला फक्त नाक मुक्ताचं आहे एवढंच कळलं. पुढे काय, हे मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. काकू मागे फिरल्या तर काकांचं काय होईल, हे मला कळत होतं.

एक दिवस सकाळी मी लॅबला निघायच्या आधी चहा घेत होते, तेव्हा काकांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ झाली होती. ते विमानतळावरूनच बोलत होते. मी हॅलो म्हटलं. मग ते म्हणाले, "गेली ती."

माझ्या हातातला कप खाली ठेवला गेला. मग त्यांनी सांगितलं ते असं.

काकूंनी येते म्हटलं नव्हतं आणि येत नाहीही म्हटलं नव्हतं. दुपारी त्यांनी कोट घातला आणि मुक्ताबरोबर विमानतळावर आल्या. काकांना वाटलं निरोप द्यायला आल्या असतील. तिथे प्रत्येकाला हातातल्या सामानासकट जमिनीवरच्या मोठ्या काट्यावर उभं करतात. मुक्ता बाळाला घेऊन उभी राहिली, उतरली, आणि मागोमाग काकू आपण होऊन काट्यावर चढल्या. काकांना काकूंचं वजन तोंडपाठ. काट्यावरचा आकडा त्याहून कितीतरी जास्त. ते हळूच जाऊन विचारते झाले, की खिशात काय आहे? काकू म्हणाल्या, काही नाही. मग म्हणाल्या, लाडू. मग म्हणाल्या, थोडी सुंठ पण आहे. कोटाला आत-बाहेर धरून बरेच खिसे होते आणि त्यातला एकही रिकामा नव्हता.

"मला तेव्हा कळलं," काका फोनवर म्हणाले, "खिसे भरलेत म्हणजे हिचं जायचं ठरलंय."

पण विमान जड झालं होतं. गावच्या दवाखान्याची औषधं आणि दुधाचे खोके आधी जाणार होते. काउंटरवरची बाई म्हणाली, तुमच्या सगळ्या बॅगा आणि हे लाडू उद्या जातील, किंवा एक माणूस उद्या जाईल. काकांनी मनात बेरीज केली. लाडू, दुपटी, अळीव, कुंची, सगळं मिळून जेवढं भरत होतं तेवढे ते एकटेच भरत होते. ते म्हणाले, मी थांबतो. लगेच काकू म्हणाल्या, मग मीही थांबते. मुक्ताचा नवरा पलीकडे गावात वाट बघत होता आणि तिला जायचंच होतं. तिने बाळाला कोटाच्या आत घेतलं, दार उघडलं आणि बर्फावरून विमानाकडे चालायला लागली. काकू दारापाशी उभ्या राहून तिच्या पाठीकडे बघत होत्या. एक हात बाळाभोवती, एका हातात पिशवी, अशी ती शिडीपर्यंत पोचली.

काकूंनी काकांपुढे तळहात केला. "कापूस द्या."

काकांनी कापूस दिला. काकूंनी तो कानात घातला आणि गेल्या. वळून बघतील असं काकांना वाटलं होतं. बघितलं नाही.

मग काकांनी मला विचारलं, की तुझ्या कॉम्प्युटरवर तिथलं हवामान दिसतं का ते जरा बघ. मी बघितलं. आकाश स्वच्छ होतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, परत बघ. मी लॅबला उशिरा गेले. दुपारच्या सुमाराला मुक्ताचा निरोप आला, की आई पोचली, आल्या आल्या ओटा पुसायला घेतला. मी तो वाचला आणि मला रडू आलं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा घाबरून टिश्यू घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी तिथे धुकं पडलं आणि काका आणखी दोन दिवस अडकले. काउंटरवरच्या बाईने त्यांना रोज कॉफी पाजली म्हणे.

जूनच्या अखेरीला दोघं परत आले. पहिल्या रविवारी बिशानच्या वहिनी आल्या, शेजारची चिनी आजी येऊन बसली, आणि काकूंनी चहा टाकून जी सुरुवात केली ती थांबायचं नाव नाही. बाळाला धुरी द्यायला त्यांनी ओवा-लसणीची धग केली तर मुक्ताच्या घरातली धुराची घंटा बोंबलायला लागली, आणि पाणी मारायला अर्धं गाव धावत आलं. आलेल्या प्रत्येकाला काकूंनी डिंकाचा लाडू दिला. पुढच्या आठवड्यात घंटा वाजलीच नव्हती तरी गावातले दोघंजण चौकशीला आले. ओटा उजव्या बाजूला आहे. खिडकीतून तळं दिसतं. कुंची घातलेली पोर बघायला शाळेतली सगळी मुलं रांग लावून आली होती. वहिनी हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या, आणि मी इंग्रजीत आजीला सांगत होते.

मग काकू विमानाकडे वळल्या. म्हणाल्या, की आधी मुठी आवळून बसले होते, मग बाळाने जांभई दिली म्हणून तिच्याकडे बघितलं, आणि तिच्यामागे खिडकी होती. खाली आपल्याच विमानाची सावली बर्फावरून आपल्याबरोबर पळत होती. टेकडी आली की चढायची, उतार आला की उतरायची. काकू हे सांगताना हाताने टेबलावर दाखवत होत्या. मग एकदम त्यांचा हात थांबला.

"अहो, तुम्ही इतक्या वेळा गेलात," त्या काकांना म्हणाल्या. "पट्टा कसा ओढायचा ते सांगितलंत, कापूस किती घालायचा ते सांगितलंत. हे का नाही कधी सांगितलं?"

काका चहा ढवळत होते. चहात साखर नव्हती, ते बिनसाखरेचा घेत.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"माहीत नव्हतं म्हणजे?"

"मी डोळे मिटून बसायचो. चढलो की मिटायचे, चाकं टेकली की उघडायचे."

वहिनींना थट्टा वाटली, त्या हसल्या. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबल्या. काकू काकांकडे बघत राहिल्या. येतानाही त्यांना कळलं नव्हतं, कारण त्यांना पुढे बसवलं होतं आणि काकांना शेवटच्या रांगेत. आम्हा सगळ्यांना ज्याने विमानात बसायला शिकवलं तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा त्याबद्दल खाली मान घालून बोलत होता. मला त्यांचा हात धरावासा वाटला.

"एवढी भीती वाटत होती तर जायचात कशाला?" काकूंनी विचारलं.

"मुक्ता तिथे होती."

काकूंनी उठून दुसऱ्या चहाखालचा गॅस बंद केला. ओल्या हाताने एक खुर्ची ओढली, काकांच्या अगदी शेजारी लावली आणि बसल्या. आम्ही तिथे आहोत हे त्या विसरल्या होत्या की काय कोण जाणे.

"मिटा डोळे," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. मी सांगते."

काकांनी चमचा बशीत ठेवला आणि डोळे मिटले. काकूंनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला, खिडकीबाहेर क्लेमेंटीच्या उन्हाकडे क्षणभर बघितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"आधी एक नदी लागते. आख्खी गोठलेली. तिच्यावरून एक माणूस चालत चाललाय, आणि तो वर बघून आपल्याला हात करतो."